तेलातले रोडगे

अमरावतीची प्रणाली वऱ्हाडी स्वयंपाकाच्या ऑनलाइन ग्रुपचा, सगळ्यांनी मिळून लिहायचा विकी सांभाळायची. सभासद चारशे, पण नुसती अंगठ्याची इमोजी टाकणारे. लिहायला कोणीच तयार नाही. विनवण्या करून ती वैतागली आणि रविवारी तिने मुद्दाम लिहून टाकलं, 'रोडगे तेलात तळावेत.'

दुपारपर्यंत एकतीस जणांनी ते पान दुरुस्त केलं. बार्शीटाकळीच्या आशाबाईंनी तर कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजण्यापासून सोबतच्या वांग्याच्या भाजीपर्यंत सगळं बैजवार लिहिलं. प्रणाली हरखली. चूक मुद्दाम केली होती, हे तिने आशाबाईंना भीतभीत कळवलं.

"मले मालूम हाये, पोरी. तुया मायच्या हातचे रोडगे खाल्ले मी," उत्तर आलं. "आता सांबारवडीचं पान कवा बिघडवशीन? माही सून दुरुस्त कराले वाट पाहून राहिली."