कॉलरवरचं तेज

रविवारी दुपारचे चार वाजायला पाच मिनिटं होती आणि जुन्या फर्निचर शोरूममध्ये दोनशे माणसं एका बंद दाराकडे टक लावून उभी होती. दाराला बाहेरून तीन कुलपं होती. किल्ल्या तीन भक्तांकडे: एक निवृत्त कारकून, एक दातांचा डॉक्टर, एक विमा एजंट. तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. अशा तिघांना एकत्र उभं केलं की बाकीच्या जगाचा विश्वास बसतो, हे किरणगुरूंना पक्कं ठाऊक होतं.

सकाळी सात वाजता गुरू त्या खोलीत गेले तेव्हा मळलेल्या कणकेसारखे पांढरे होते. खोलीला खिडकी नाही, आत दिवा नाही. कारकुनाने झडती घेतली होती. अंगावर कफनी, बगलेत सतरंजी, हातात पाण्याची बाटली. बाटली त्याने उघडून हुंगलीसुद्धा.

चार वाजता कुलपं निघाली आणि गुरू बाहेर आले ते सोन्याचे होऊन. कपाळ, गळा, हात, पावलं, सगळं खरपूस सोनेरी. पुढच्या रांगेतल्या एक बाई रडायला लागल्या.

"नऊ तास अंधार," गुरू म्हणाले. "मग हा सूर्य आला कुठून?"

गुरूंनी छातीवर हात ठेवला.

"आतून आला. सूर्य आकाशात असतो असं शाळेत शिकवतात. शाळेत काय, बरंच काही शिकवतात."

लोक हसले. दातांचा डॉक्टर सगळ्यांत जोरात हसला. शाळेत सर्वांत जास्त वर्षं तोच गेला होता.

"तुमचा आतला सूर्य अजून निजलेला आहे. त्याला हलवून जागं करावं लागतं." गुरूंनी भिंतीकडे हात केला. तिथे चौदा लांबट पेट्या होत्या, शिंपल्यासारख्या उघडणाऱ्या, खाली-वर जांभळ्या नळ्या लावलेल्या. नाव प्रकाशशय्या. आत झोपायचं, झाकण ओढायचं, वीस मिनिटं भाजून निघायचं. चाळीस बैठका झाल्या की सांधेदुखी, उदासी आणि मुलाचं न जमणारं लग्न, तिन्ही मार्गी लागणार होती.

गावावर वर्षातले आठ महिने ढग असत आणि माणसं ट्यूबलाइटखाली राबत. ज्या बायकांनी उभं आयुष्य गोरं होण्यासाठी चेहऱ्याला नाही नाही ते चोपडलं, त्याच आता रापून घ्यायला रांगेत होत्या. माणसाला स्वतःची सोडून दुसरी कुठलीही कातडी चालते.

मागच्या भिंतीला टेकून लॉन्ड्रीवाला हे बघत होता. तो सूर्यासाठी आला नव्हता, बायकोला न्यायला आला होता. ती पुढच्या रांगेत होती. तिच्या तेहेतीस बैठका झाल्या होत्या. कपाळाचे पापुद्रे निघत होते आणि मान जुन्या चामडी पिशवीसारखी दिसत होती. मुलगी परगावी गेल्यापासून ती गप्प गप्प असायची. पेटीत ऊब होती, आणि वीस मिनिटं तिथे कुणी हाक मारत नव्हतं. तेवढ्यासाठी ती गेली. पुढचं गुरूंनी सांभाळलं.

घरी आल्यावर ती पाय वर घेऊन बसली, तेव्हा त्याने तिच्या पोटरीकडे बोट केलं.

"अगं, तो तीळ वाढलाय."

"वाढणारच. गुरू म्हणाले, ते सूर्यबीज आहे. रुजलंय."

"आधी कॉलरच्या बटणाएवढा होता. आता सदऱ्याच्या बटणाएवढा झालाय. कडा बघ, उसवल्यासारख्या. आणि अर्धा काळा, अर्धा तांबूस."

"अहो, तुम्हाला जिकडेतिकडे डागच दिसतात. धंदाच तो."

"डॉक्टरला दाखवू या की."

"बीज उपटलं तर आतला सूर्य विझतो. आमच्या गटात नऊजणींना आलीत. सगळ्यांत मोठं माझं." पोरगी वर्गात पहिली आल्याचं सांगावं, त्या सुरात तिने हे सांगितलं.

सोमवारी किरणगुरूंचं गाठोडं लॉन्ड्रीत आलं. लॉन्ड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाला नंबर असे, आणि तो न पुसणाऱ्या शाईने कपड्याच्या आतल्या पट्टीवर लिहिलेला असे. गुरूंचा नंबर एकेचाळीस. कफनी उलटी करताना लॉन्ड्रीवाल्याचा हात थांबला. कॉलरच्या आत, बाह्यांच्या टोकांना आणि लेंग्याच्या नाडीपाशी पिवळट तांबूस पट्टे होते. घाम, गंज, चहा, हळद, औषध, या सगळ्यांशी त्याची तीस वर्षांची ओळख होती. हा नवा पाहुणा होता. त्याने हुंगलं. सादळलेल्या बिस्किटासारखा वास. एक कफनी पाण्यात बुचकळली, तर साध्या साबणाने अर्धं तेज बादलीत उतरलं.

मग त्याने गाठोड्यातून पेट्यांवरचे टॉवेल काढले. त्यावर तेल होतं, घाम होता, माणसांच्या कातडीचे पापुद्रे होते. तो पट्टा एकाही टॉवेलवर नव्हता.

उन्हाने रापलेल्या माणसाचा रंग कपड्याला लागत नाही. लागत असता, तर उन्हात राबणाऱ्यांच्या घरी एकही पांढरा कपडा उरला नसता. लॉन्ड्रीवाल्याने दुसरी कफनी न धुता पिशवीत घातली आणि कातडीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मागितली. ती शनिवारी मिळाली.

बाईंनी कॉलर नाकाशी नेली आणि विचारलं, "हे लावून हा माणूस काय दाखवतो?"

त्याने सांगितलं.

"लावतो सकाळीच, घरून निघताना. साखरेपासून काढलेलं एक रसायन असतं. लावताना पाण्यासारखं, काही दिसत नाही. आपल्या कातडीचा अगदी वरचा थर मेलेलाच असतो, त्यावर ते हळूहळू तपकिरी होतं. पाव भाजताना वरचा भाग होतो ना, त्याच जातीची क्रिया. फक्त इथे आच लागत नाही आणि उजेडही लागत नाही. सहा-आठ तास पुरतात. आठवड्याभरात थर झडला की रंगही गेला."

"म्हणून दर रविवारी चमत्कार. पण विषारी असेल ना?"

"छे. रंगच हवा असेल तर हेच बरं. आधी मनगटावर थोडं लावून बघायचं. डोळ्यांत, ओठांवर जाऊ द्यायचं नाही. फवारा असेल तर श्वासात ओढायचा नाही. आणि याने ऊन अडत नाही. उन्हात अंग झाकायचं आणि सनस्क्रीन लावायचंच. तुमच्या गुरूने शहाणपणाची वस्तू स्वतःला ठेवली आणि भट्टी तुम्हाला दिली."

"भट्टी?"

"त्या नळ्यांतून अतिनील किरण निघतात. ते पेशीच्या आतला मजकूरच बिघडवतात. कातडी रापते ती तब्येत सुधारली म्हणून नव्हे. मार चुकवायला आपण हात आडवा घालतो, तसा तो रंग आडवा येतो. रोज मार खाल्ला तर एक दिवस हात अपुरा पडतो."

मग त्याने तिळाचं सांगितलं. कडांचं, दोन रंगांचं, बटणाचं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सोमवारी सकाळी पहिल्या नंबरला आणा."

"ती येणार नाही, बाई. बीज आहे म्हणते."

"मग ती येईल असं काहीतरी करा. माझ्याकडे औषधं आहेत, बुद्धी पालटायचं मशीन नाही."

जाताना बाईंनी सांगितलेल्या रसायनाची बाटली त्याने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून घेतली.

रविवारी सहा वाजता लॉन्ड्रीवाल्याने डावा हात धुतला, नंबर घालायचा कुंचला त्या द्रवात बुडवला आणि हातावर काहीतरी लिहिलं. वाळल्यावर वर स्वच्छ पट्टी गुंडाळली.

"हाताला काय झालं?" बायकोने विचारलं.

"इस्त्री लागली."

"तीस वर्षांत पहिल्यांदा. लक्ष कुठे असतं?"

तो सातपासून शोरूममध्ये खुर्ची टाकून बसला. चारला कुलपं निघाली, सोनं बाहेर आलं, त्याच बाई पुन्हा रडल्या. गुरूंनी आतल्या सूर्याचं विचारलं, तेव्हा लॉन्ड्रीवाला उठून पुढे गेला आणि सगळ्यांसमोर पट्टी सोडली. हातावर सोनेरी तपकिरी आकडे उमटले होते: ४१.

"माझ्या आत सूर्य नाही, सकाळचा चहा आहे," तो म्हणाला. "तरी हे उगवलं. आणि समजा सूर्य असलाच, तर त्याला गुरूंचा लॉन्ड्रीतला नंबर कुणी सांगितला?"

थोडे लोक हसले. त्याने बाटली वर धरली, कफनीची कॉलर दाखवली, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"पण झडती घेतली होती," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"खिशांची घेतली. घरून लावून आलेल्या कातडीची कोण घेणार?"

गुरू गडबडले नाहीत. "बघा," ते शांतपणे म्हणाले, "माझी वस्त्रं धुता धुता कपडे धुणाऱ्यालाही प्रसाद मिळाला. अज्ञानाने तो त्याला बाटली म्हणतोय."

आणि अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. कारकुनाने तर लॉन्ड्रीवाल्याच्या हातावरच्या एकेचाळीसला नमस्कार केला. लॉन्ड्रीवाल्याला वाटलं, डाग काढण्याच्या धंद्यात आपण उगाच पडलो. इथे डागालाच हात जोडतात.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग गुरूंनी या पेटीत दहा मिनिटं झोपावं."

"मला गरज नाही."

"गरज नसू दे. अपाय तर नाही ना?"

गुरू हसले आणि पेटीकडे बघून अर्धं पाऊल मागे सरकले. अर्धंच. पण तापलेल्या वस्तूपासून माणूस कसा सरकतो हे लॉन्ड्रीतल्या बाईला सांगावं लागत नाही. पुढच्या रांगेतून बायको उठली.

"गुरू, तुमच्या अंगावर सूर्यबीजं किती?"

"ताई, हा प्रश्न—"

"मी माझं दाखवलं तेव्हा तुम्ही जवळ आला नाहीत. लांबून बघितलंत आणि माझ्या बैठका वाढवल्यात." तिचा आवाज चढला नव्हता. "झोपा ना. मी माझ्या हाताने झाकण ओढते. दहाच मिनिटं."

गुरूंनी आजच्या दर्शनाची वेळ संपल्याचं जाहीर केलं.

सोमवारी पहिल्या नंबरला तीळ कापला. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला, त्यात कॅन्सर होता आणि तो खोल गेला होता. रुजलंय, हे किरणगुरूंचं एक वाक्य तेवढं खरं निघालं. मग जांघेतल्या गाठी काढल्या, मग सलाईनमधून औषध सुरू झालं. पुढचं काय, असं विचारलं की डॉक्टरीणबाई म्हणत, तपासत राहू. त्या खोटं बोलत नसत, म्हणून त्यांच्याकडे कधी दोनशे माणसं जमली नाहीत.

गुरू रातोरात गेले. दुसऱ्या गावी ते बर्फाने माणसं बरी करतात म्हणे. पेट्या एका ब्यूटी पार्लरने उचलल्या. तिथे सूर्य आतला की बाहेरचा हे कुणी विचारत नाही, फक्त ग्लो म्हणतात. गटातल्या बाकीच्या आठजणींपैकी पाचजणी डॉक्टरकडे गेल्या. तिघी अजून लॉन्ड्रीवाल्याशी बोलत नाहीत.

बायको हल्ली पाय स्टुलावर ठेवून काउंटरवर बसते. परवा एक मुलगी कपडे न्यायला आली, मानेवर लाल चट्टे घेऊन.

"पार्लरच्या पेटीत झोपतेस?"

"फोटो काढायचेत, काकू. जरा रंग हवा."

"रंग हवा तर बाटलीतला लाव, आठवड्याने धुऊन जातो. पेटीतला जात नाही. अंगावरचे तीळ महिन्यातून एकदा नीट बघत जा. एखादा वाढला, कडा बिघडल्या, रंग बदलला, तर मैत्रिणीला नाही, गुरूला नाही, डॉक्टरला दाखव. त्याच आठवड्यात."

मुलीने स्टुलावरच्या पायाकडे बघितलं. "तुम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं?"

बायकोने आत बघितलं. लॉन्ड्रीवाला इस्त्री करत होता.

"यांनी सांगितलं होतं. रोज. पण दिवे लावून, कुलपं घालून नाही. जेवताना, साधं सांगितलं. म्हणून खरं वाटलं नाही." तिने कपड्यांची पिशवी पुढे सरकवली. "मीही तुला साधंच सांगतेय."