अळ्या नव्हत्या त्या!

मी पिंपळी बोलतेय. शांतपणे बोलायचं असं ठरवलं होतं, पण ते जमेल असं वाटत नाही.

मिरी तुम्हाला ठाऊक असते. ती डब्यात असते, पापडात असते, तिचा थाट मोठा. मी तिच्याच गोत्रातली, पण रानातली. मला वेल म्हणावं की झुडूप, यावर माणसांचं अजून एकमत नाही. माझी पानं विड्याच्या पानासारखी दिसतात, म्हणून शहरातून येणारा जो तो मला मनीप्लांट म्हणतो. ते नाव ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मनीप्लांटने आजवर कुणाचा खोकला थांबवलाय? बाळंतिणीच्या लाडवात जो गंठोडा पडतो ते माझं मूळ. सर्दीखोकल्याच्या चूर्णात सुंठ आणि मिरीच्या जोडीला माझं फळ. घसा बसला तर मला मधातून चाटायचं. एवढं करून मी शोभेची!

माझा जन्म भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी, करवंदीच्या जाळीखाली झाला. आमोस गुरुजी तेव्हा तिथल्या शाळेवर मास्तर होते. शाळा सुटली की गुरुजी कीर्तनकार व्हायचे. डोक्याला फेटा, हातात चिपळ्या, आणि तोंडी येशूच्या गोष्टी. गावोगावच्या चर्चमधून त्यांना बोलावणी यायची. एका वर्षी नाताळ तोंडावर आला आणि त्यांचा आवाजच गेला. शाळेत पाणी भरणाऱ्या मनकर्णाने माझी वाळकी फळं त्यांच्या हातावर ठेवली.

"मास्तर, ह्ये कुटून मधात चाटा. लई चाटू नका, चिमूटभर बास. अन् गावाकडं जाताना एक पेर घिऊन जा. सावलीत लावा, उन्हात न्हाई जगायची ती."

गुरुजींचा आवाज परत आला. तीन पेरांचा माझा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून ते मला नेवासा तालुक्यातल्या आपल्या गावी घेऊन आले. चारी बाजूंना ऊस आणि कांदा, वर आग ओकणारं आभाळ. पण चर्चच्या नळाजवळ कडुनिंबाची सावली होती, नळ कायम गळका होता. तिथे मी जगले, पसरले. समोर गुरुजींच्या घराचा ओटा. तिथलं सगळं मला दिसायचं.

पावसाळा सरला की मला फळं धरतात. बोटाच्या पेराएवढी, खरबरीत, आधी हिरवी आणि मग काळपट. गुरुजींची सून स्टेला ती डिसेंबरात तोडायची, ओट्यावर सुपात वाळवायची. नाताळाच्या कीर्तनाआधी गुरुजी माझी पूड घातलेल्या मधाचं बोट चाटायचे, आणि मग त्यांचा आवाज असा लागायचा की वेशीपर्यंत जावा. त्या आवाजात मी असायचे. मला त्याचा गर्व होता, अजूनही आहे.

उरलेल्या फळांची पूड स्टेला कागदात बांधून गावाला द्यायची. कुणाचं पोर खोकतंय, कुणाची छाती भरलीय, सगळे यायचे. पुडी घ्यायचे आणि जायचे. ही कशाची, कुठे उगवते, एकाच्याही तोंडून कधी निघालं नाही. पुडी आयती मिळते म्हटल्यावर कोण विचारतंय! त्यात गावातला जस्टिनही होता. त्याच्या धाकट्या पोरीचा खोकला माझ्याच पुडीने थांबला होता.

तोच हा जस्टिन. गेल्या वर्षी चर्चच्या आवाराची देखभाल त्याच्याकडे आली. माणूस कष्टाळू, हे मी नाकारत नाही. नाताळाला नगरहून पाहुणे येणार म्हणून त्याने भिंती रंगवल्या, गवत काढलं. मग त्याची नजर माझ्यावर पडली. मी फळांनी लगडले होते. तो जवळ आला, वाकला आणि ओरडला, "आयला, किती अळ्या ह्या!"

अळ्या! माझ्या फळांना अळ्या!

हात लावून पाहिलं असतं तर कळलं असतं. अळी हलते, फळ हलत नाही. समोरच्या ओट्यावर जाऊन कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण नाही. घरी कांद्यावर मारायचं औषध उरलं होतं. तो पाठीवरचा पंप घेऊन आला आणि मला डोक्यापासून बुडापर्यंत भिजवून गेला. ज्या फळांनी लोकांचे घसे मोकळे केले, त्यांच्यावर विष बसलं. मला बोलता येत नाही याची एवढी चीड त्याआधी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेला फळं तोडायला आली. सर्दीने तिचं नाक चोंदलेलं. एरवी त्या उग्र वासाने ती दोन पावलं मागे सरली असती. तिने पदर भरून फळं नेली आणि सुपात पसरली. गुरुजी ओट्यावर खुर्चीत बसलेले. त्यांचा घसा आठवडाभर खरखरत होता. वाळायची वाट पाहण्याचा धीर त्यांना नव्हता. त्यांनी एक फळ उचललं, धोतराला पुसलं.

मी काय करणार होते? पानं हलवायला वारासुद्धा नव्हता.

तेवढ्यात जस्टिन फाटकातून आला. शाबासकी घ्यायला आला होता. "जय ख्रिस्त, गुरुजी. नळापाशी लई अळ्या झाल्या हुत्या, काल समद्या मारल्या बगा. कांद्याचं औषध मारलं."

गुरुजींचा हात ओठांपाशी थांबला. "अरे, अळ्या नव्हत्या त्या. माझी पिंपळी होती ती."

सूप तिथेच पालथं झालं. स्टेलाने साबणाने हात धुतले, गुरुजींचेही धुतले, आणि ती रडायला लागली. जस्टिन पांढराफटक पडला. मग त्यालाच सुचलं, "गुरुजी, काढूनच टाकू का? लेकरं येत्यात हितं, तोंडात घालतील."

आणि गुरुजी म्हणाले, "काप."

खरं सांगते, जस्टिनपेक्षा मला त्यांचा राग जास्त आला. लेकरांसाठी म्हणाले, ते बरोबरच होतं, मला समजतं. तरी आला. ओल्या फडक्यातून आणलंत ना मला? मग कापताना निदान ओट्यावरून उठून जवळ तरी यायचं होतंत.

त्या नाताळाला गुरुजी कीर्तनाला उभे राहिले. दुसऱ्याच पदाला आवाज फाटला, तिसऱ्याला बसला. ते खाली बसले. कुणीतरी मोबाईलवरचं गाणं स्पीकरला लावलं, आणि लोकांनी त्यालाही तशाच टाळ्या दिल्या. जमिनीखालून मी ते ऐकत होते.

हो, जमिनीखालून. जस्टिनने मला बुडाशी कापलं, पण मूळ मातीतच राहिलं; तिथवर विष पोचलं नव्हतं. यंदा पावसाने नळाजवळची माती भिजली आणि मी एक कोंब वर काढला. चार पानं आली. कालच जस्टिनने मला पाहिलं. त्याच्या हातात खुरपं होतं. मी मनातल्या मनात त्याला ठेवणीतल्या शिव्या दिल्या.  पण तो खुरपं खाली ठेवून ओट्याकडे गेला.

"गुरुजी, नळापाशी कायतरी उगवलंय. काय हाय ते?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. गुरुजींनी माझं नाव सांगितलं, पण त्यांच्या त्या नाताळापासून बसलेल्या आवाजात ते ओट्याच्या पायरीपर्यंतही पोचलं नाही. ते नाव ऐकू जाईल असं सांगायचं तर त्यांना मीच हवी होते, आणि मला तर कापलेलं.

माझा राग गेलेला नाही. तुमच्या आवारातही माझ्यासारखं कुणीतरी मुकाट उभं असेल. पंप पाठीवर घ्यायच्या आधी त्याचं नाव विचारा, एवढंच माझं म्हणणं.

जस्टिनला ऐकू आलं नाही. तो पायरी चढला, गुरुजींच्या तोंडाशी कान नेऊन वाकला आणि म्हणाला, "पुन्यांदा सांगा, गुरुजी."