नको त्या खड्ड्यात रंग

प्रयोगशाळेत तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण शंका विचारल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. सरांना तिच्या शंका आवडत, म्हणजे पाहुण्यांसमोर आवडत. एरवी त्यांचं ठरलेलं होतं, "आधी काम, मग शंका."

काम असं. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, कुरतडणारं एक एन्झाइम असतं. रुग्णाच्या रक्तात ते किती आहे हे बघायला प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारक्या खड्ड्यांच्या तळाशी एक अँटिबॉडी चिकटवायची. वर रक्त घातलं की ती त्यातलं एन्झाइम धरून ठेवते. मग दुसरी अँटिबॉडी वरून येऊन त्याच एन्झाइमला पकडते आणि रंग आणते. एन्झाइम जितकं जास्त, तितका खड्डा पिवळा.

त्यातला एक खड्डा तिच्या मावशीचा होता. आईच्या माघारी मावशीनंच तिला वाढवलं, तेही शिलाई मशीनच्या जिवावर. मावशीची बोटं सुजायला लागली तेव्हा मास्तरीणच तिला सरांकडे घेऊन आली. सर वरच्या मजल्यावर रुग्ण तपासत आणि खाली प्रयोगशाळा चालवत. त्यांची नवी गोळी ह्या एन्झाइमचं तोंड बांधते आणि चाचणीतला आकडा उतरवते म्हणे. मावशीनं गोळी सुरू केली, पण आकडा काही खाली येईना. डोस वाढवला, तरी आकडा जागच्या जागी. मावशीचे खांदे मात्र असे आखडले की वेणी घालायलाही हात वर जाईना.

"गोळीनं तर होत नसेल ना हे?" मावशीनं विचारलं होतं.

"आकडा बघा," सर म्हणाले होते. "अजून मशीन चालवता ना? पथ्य तुम्ही मोडायचं आणि दोष गोळीला द्यायचा. मग कसा उतरेल आजार?"

दार सताड उघडं, बाहेर बाकावर माणसं बसलेली, आणि मावशीसारख्या मावशीला शाळकरी पोरीसारखं झापलं. मावशी खाली मान घालून घरी आली आणि तिनं मशीनवर झाकण ठेवून दिलं. ते झाकण मास्तरणीच्या डोळ्यांत रोज खुपायचं. गोळीची वेळ न चुकवणारी बाई, मशीनही बंद, आणि आकडा तसाच?

शेवटी तिनं सर कधी करू देत नसत ते केलं. "चाचणीचं किट कंपनीनं तपासून पाठवलंय, वेळ कशाला घालवतेस?" म्हणून ते उडवून लावत. तिनं काही खड्ड्यांच्या तळाशी ह्या एन्झाइमशी काडीचाही संबंध नसलेली अँटिबॉडी चिकटवली. तिथे एन्झाइम धरायला कुणीच नाही, तेव्हा रंग यायचं कारणच नाही.

मावशीचा खड्डा पिवळा झाला. नेहमीइतकाच पिवळा. शेजारचे आणखी काही खड्डेही पिवळे झाले.

अशा सांधेदुखीच्या रक्तात कधीकधी एक चिकट पाहुणा असतो. तो दोन्ही अँटिबॉडींना स्वतःच धरून बसतो आणि एन्झाइम नसतानाही रंग येतो. हे पुस्तकात आहे. सरांनी स्वतः फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं, आणि ते वहीत उतरवून घेणारी मास्तरीणही वर्षभर डोळे मिटून आकडे वर पाठवत राहिली होती. तिला सरांचा राग आला आणि स्वतःचाही आला. त्या पाहुण्याला आधीच अडकवून ठेवणारं द्रावण घालून तिनं मूळ चाचणी पुन्हा लावली. मावशीचा खड्डा जवळजवळ पाण्यासारखा राहिला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं. "गोळीवरचा पेपर ह्याच आठवड्यात छापायला जातोय. ही सॅम्पलं आपण बाजूला काढू."

"आणि ती माणसं?"

"त्यांचं पुढच्या तपासणीत बघू."

"उद्या मावशीचा डोस वाढतोय, सर."

"राईचा पर्वत करू नकोस."

मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाचे खांदे गेले तरी राई, आणि पेपर तेवढा पर्वत!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती संबंध नसलेल्या अँटिबॉडीची प्लेट पुन्हा लावली आणि दुपारी तशीच वर नेली. सर मावशीच्या कागदावर नवा डोस लिहायला टेकले होते. मास्तरणीनं प्लेट त्यांच्या पेनापुढे ठेवली आणि बोलली मात्र मावशीशी.

"हा तुझा खड्डा. ह्यात तुझ्या आजाराचं काही सापडूच शकत नाही, तरी पिवळा झालाय. तुझा आकडा खोटा होता, मावशी. डोस वाढवून घेऊ नकोस."

मावशीनं प्लेट जवळ ओढून घेतली. "म्हणजे मशीन चालवून मी काही वाढवलं नव्हतं?"

"नाही गं."

"आणि हे खांदे?"

मास्तरणीनं सरांकडे बघितलं. सर उठले आणि दाराकडे निघाले. "हे बघा, अशा गोष्टी शांतपणे, आपसांत बोलायच्या असतात."

"दार राहू द्या, डॉक्टर," मावशी म्हणाली. तिनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "मला झापलंत तेव्हा उघडंच होतं."

सरांचा हात कडीवरच राहिला. बाहेरच्या बाकावरून एक आजोबा काठी टेकत उठले आणि उंबऱ्यापाशी येऊन प्लेटकडे वाकून बघायला लागले.

"ताई," ते म्हणाले, "ह्यात माझा खड्डा कुठला?"