उंबऱ्यावरचा तांबडा

पाकू माहेरी परत आली, तेव्हा तिच्या आईकडे, शुआकडे, एकच कोंबडी उरली होती. बाकीच्या अठरा मानमोडीच्या साथीनं आठवड्याभरात नेल्या. वस्तीत कुणाच्याच अंगणात कोंबडा राहिला नव्हता. शुआचा म्हातारा कोंबडा चार दिवसांपूर्वी मान टाकून गेला. त्याच्यामागे काबरी कोंबडी आणि टोपलीत नऊ अंडी, एवढाच काय तो संसार.

मक्याची पेरणी चालू होती. पाकू डोंगर उतरून आली ती एक पिशवी घेऊन, समोरचा दात गमावून आणि पोटात तीन महिन्यांचं बाळ घेऊन. नवऱ्यानं मारलं होतं, आणि ते काही पहिल्यांदा नव्हतं. शुआनं तिला पाणी दिलं, पाय धुवायला लावले. बापानं, तोंगपाओनं, काय करावं? लेकीकडे न बघता तो उठला आणि घराच्या पुढच्या दाराला आतून अडसर घातला.

पुढचं दार देवांचं. नवरी आत येते ती त्या दारानं, मढं बाहेर जातं ते त्या दारानं. रोजची ये-जा बाजूच्या दारानं चालते. पाकू बाजूच्या दारानं आत आली, म्हणजे पाहुणी म्हणून आली, एवढं तोंगपाओला पक्कं करायचं होतं. तो दुष्ट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरट बापापेक्षा दुष्ट बाप परवडला असं शुआला त्या दिवशी वाटलं.

संध्याकाळी तोंगपाओचा थोरला भाऊ च्वेनेंग आला. कुळात त्याचा शब्द शेवटचा. बसायला दिलेल्या बुटक्या स्टुलावर तो सिंहासनावर बसावं तसा बसला.

"राहू दे तिला," तो म्हणाला. "खाऊ-पिऊ घाला. आम्ही काय राक्षस आहोत का? पण बाळंतपण या छपराखाली नाही. सासरच्या दारात तिच्या डोक्यावरून कोंबडा फिरवलाय. त्या घडीला ती आपल्या देवांतून वजा झाली. परक्या कुळाचं रक्त इथं सांडलं तर घरचे देव उठून जातील. अंगणात झोपडी बांधा."

"तिचे दिवस नव्या वर्षाच्या सुमाराला भरतात, भाऊजी," शुआ म्हणाली. "ऐन थंडीत. अंगणात?"

"शेकोटी करायची."

"तुमच्या सुनेला केली होतीत?"

"माझ्या सुनेच्या डोक्यावरून आमच्या दारात कोंबडा फिरला होता," च्वेनेंग शांतपणे म्हणाला. "फरक कळतोय ना?"

शुआला फरक कळला. इतका नीट कळला की च्वेनेंगला नंतर पस्तावायची पाळी यावी.

पाहुणा गेल्यावर शुआनं भिंतीवरची वेताची टोपली काढली. तळाला चुलीतली गार राख पसरली, म्हणजे पिसवा होत नाहीत. वर भाताचं पिंजर घातलं. काबरी दोन दिवस खुडूक होऊन कोपऱ्यात फुगून बसली होती, जवळ गेलं की टोचायची. शुआनं एकेक अंडं कानाशी हलवून पाहिलं, नऊच्या नऊ टोपलीत मांडली आणि काबरीला वर ठेवलं. काबरीनं पोट हलवत अंडी एकेक करून खाली ओढून घेतली.

"बस," शुआ तिला म्हणाली. "आता तुझ्यावर सगळं आहे."

आठव्या दिवशी तिनं केळीच्या पानाची नळी करून अंडी उन्हात धरली. पाकू शेजारी बसली होती.

"दोन वांझ," शुआनं सांगितलं. "ही बघ, नुसतं पाणी. आणि यात बघ, लाल रेषा दिसतात?"

पाकूनं पाहिलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, मध्ये एक ठिपका, तोही हलणारा. तिचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. शुआनं ते बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं.

एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली. सातवं कवचातच राहिलं. मग शुआचे ते दिवस सुरू झाले ज्यांची तिला लहानपणापासून सवय होती, पण या वेळी ती कोंबड्या पाळत नव्हती, राखण करत होती. पहिल्या दिवशी दाणा नाही. दुसऱ्या दिवसापासून बारीक कण्या. आठवडाभरानं रानातून वारुळाचं ढेकूळ आणून अंगणात फोडायचं, म्हणजे पिल्लं वाळवीवर तुटून पडतात आणि अंग धरतात. दुपारी सगळ्यांना डालग्याखाली झाकायचं. एवढं करूनही एक पिल्लू घारीनं उचललं. त्या दिवशी शुआ जेवली नाही.

उरलेल्या पाचांत चार तलंगा निघाल्या आणि एक कोंबडा. महिन्याभरात त्याच्या मानेवर तांब्याच्या हंड्यासारखी झाक आली. पाकूनं त्याचं नाव तांबडा ठेवलं.

शुआनं खुराडं नव्यानं बांधलं. चार खांबांवर, माणसाच्या कमरेइतकं उंच, खाली फळ्यांची जमीन. उदमांजर चढू नये म्हणून खांबांना पत्रा गुंडाळला. तिकडे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तोंगपाओ झोपडी बांधत होता. मातीची जमीन, बांबूच्या विरळ भिंती, वर गवत. एके दिवशी शुआ त्या दोन्हीच्या मध्ये उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "कोंबड्यांच्या पायाखाली मी फळ्या घातल्यात. लेकीच्या पाठीखाली तुम्ही काय घालणार? तुमच्या दादांचा शब्द?"

तोंगपाओनं कोयता खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि एक बांबू उगाचच दुसऱ्यांदा तासला.

वस्तीला वाटत होतं शुआ हा पसारा बाळंतिणीच्या रश्श्यासाठी मांडतेय. बाळंतिणीला महिनाभर गरम भात आणि कोंबडीचा रस्सा लागतोच. शुआनं कुणाचा गैरसमज दूर केला नाही. पाकूला मात्र तांबड्यानं पहिल्यांदा आरवायचा प्रयत्न केला त्या सकाळी कळलं. आवाज असा निघाला की पाकूला हसू आवरेना. किती महिन्यांनी हसली होती.

"याला कापायचं नाही," शुआ म्हणाली.

"मग?"

"एका कोंबड्यानं तुला या घरातून नेलं. दुसरा परत आणील."

पाकूचं हसू थांबलं. "असं कुणी केलंय, आई?"

"न्यायची रीत तेवढी त्यांना माहीत. परत आणायची कुणाला सुचली नाही, कारण फिरवणारे सगळे पुरुष. त्यांना कुठं कुणाच्या दारात जाऊन दुसऱ्याचं व्हावं लागतं?"

"बाजारातून आणायचा होतास. इतके महिने थांबलीस."

"बाजारच्या कोंबड्याला हे घर काय ठाऊक? हा माझ्या चुलीच्या उबेला जन्मलाय. वाट त्यालाच माहीत." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुझ्या लग्नात कसा फिरवला होता गं? उजवीकडून की डावीकडून? मी कुठं होते तिथं."

"मी डोळे मिटले होते. तीनदा फिरवला एवढं आठवतं. नखं माझ्या नवरीच्या पागोट्यात अडकली होती."

"तीनदा," शुआ म्हणाली. "बरं."

नवं वर्ष चार दिवसांवर आलं तेव्हा च्वेनेंग अंगणात येऊन उभा राहिला. पूजेला कोंबडा लागतो, आणि मानमोडीनंतर वस्तीत वयात आलेला तो एकच होता. तोंगपाओनं आदल्या दिवशीच हो म्हणून टाकलं होतं. बायकोला सांगायचं राहून गेलं म्हणे.

"दे तो," च्वेनेंगनं शुआच्या कवेतल्या तांबड्याकडे हात पुढे केला.

"नाही," शुआ म्हणाली.

आजूबाजूच्या बायकांनी हातातली कामं थांबवली.

"तोंगपाओनं शब्द दिलाय."

"कोंबडा त्यांनी उबवला नाही. वाळवी त्यांनी आणली नाही. शब्द त्यांचा आहे, तो घेऊन जा."

"कशाला हवाय तुला? रश्श्याला चार तलंगा आहेत की!"

शुआनं तेव्हा सगळं सांगून टाकलं. दबक्या आवाजात सांगायची गोष्ट तिनं साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशी सांगितली. ती तांबडा पाकूच्या डोक्यावरून फिरवणार, पुढच्या दारात फिरवणार, आणि पाकू याच छपराखाली बाळंत होणार.

च्वेनेंग आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की कुणीच हसत नाही.

"बाईच्या हातानं?" तो म्हणाला. "तुला मंत्र येतात? देवांना काय सांगशील?"

"भाऊजी, या पोरीची वार, नाळेसकट, माझ्या पलंगाखाली पुरलीय. मुलगी जन्मली की तिथंच पुरतात, हा नियम मी केला नाही, तुम्हीच पाळता. मेल्यावर तिचा जीव ती वार शोधत इथंच येणार. मग जिवंतपणी का नाही? आधी जमीन उकरा, वार बाहेर काढा, मला दाखवा, आणि मग म्हणा ही या घरची नाही."

च्वेनेंगच्या मानेची शीर फुगली. "असं करशील तर तुझ्या मयताला कुळातलं कुणी उभं राहणार नाही. ढोल वाजणार नाही, वाट सांगणारा मिळणार नाही."

हा धाक साधा नव्हता. वाट सांगणारा नसला तर मेलेल्या माणसानं जायचं कुठं? शुआनं तांबड्याला छातीशी जास्तच घट्ट धरलं, इतकं की तो कुरकुरला.

"मी मरेन तेव्हा मरेन," ती म्हणाली. "ही चार दिवसांत बाळंत होतेय."

चार दिवस लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी, भात शिजत असताना, पाकूच्या कळा सुरू झाल्या. तोंगपाओ झोपडीकडे धावला, शेकोटी पेटवायला. शुआनं चूल सोडली, खुराड्यातून तांबडा काढला आणि पाकूला हाताला धरून घराला वळसा घालून पुढच्या दाराशी नेलं. दार बंद होतं. आतून अडसर होता.

"अहो!" शुआनं हाक मारली. "दार उघडा!"

शेकोटीचा धूर अंगणभर झाला होता. च्वेनेंगला कुणीतरी सांगितलं असावं, तो वाटेवर येऊन थांबला होता. तोंगपाओनं आधी भावाकडे पाहिलं. मग दाराला टेकून उभ्या असलेल्या लेकीकडे. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता, आणि जिथं दात नव्हता तिथं ओठ सुटून थरथरत होता. तोंगपाओनं ती फट आज पहिल्यांदाच नीट पाहिली.

"उघडशील तर बघ," च्वेनेंग म्हणाला.

तोंगपाओ बाजूच्या दारानं आत गेला. आत बराच वेळ काहीच झालं नाही. मग अडसर निघाल्याचा आवाज आला.

दार उघडलं. शुआनं तांबड्याचे पाय एका हातात धरले आणि तो पाकूच्या डोक्यावरून फिरवला. एकदा. पंखांची फडफड पाकूच्या केसांना लागली. दोनदा. तीनदा. आणि मग चौथ्यांदा, कारण सासरच्यांनी तीनदा फिरवला होता आणि शुआला त्यांच्याहून एक वरचढ हवा होता.

मंत्र तिला येत नव्हते. देवांना काय म्हणायचं ते आयुष्यभर पुरुषांनी पुटपुटलं होतं, बायकांना ऐकू जाणार नाही असं. तेव्हा तिला जी हाक येत होती तीच तिनं मारली. रोज दिवेलागणीला रानात पांगलेल्या पिल्लांना मारायची हाक.

"या, या, या," शुआनं गळा ताणून हाक घातली. "ये गं पाकू. अंधार पडायच्या आत घरी ये. दार उघडं आहे. ये, ये, ये."

पाकूनं उजवा पाय उचलला आणि उंबरा ओलांडला. आत तोंगपाओ देवांच्या भिंतीपाशी उभा होता, अडसर अजून हातात. त्यानं बाजूला सरकून तिला वाट दिली.

दुपारी मुलगी झाली. शुआच्या पलंगापाशी, फळ्यांच्या जमिनीवर, चुलीच्या उबेत. देव उठून गेले असतील तर जाताना आवाज न करता गेले. तोंगपाओनं न सांगता कुदळ आणली आणि पलंगाखालच्या फळ्या सरकवल्या.

"कुठं खणू?" त्यानं विचारलं.

"तिच्या आईच्या वारेशेजारी," शुआ म्हणाली. "थोडं डावीकडे. जपून. पाकूची लागेल."

तो जपून खणू लागला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

संध्याकाळी शुआ बाहेर आली तेव्हा च्वेनेंग अजून अंगणाच्या कडेला होता. दिवसभर उभा होता की परत आला होता, कोण जाणे. आत यायचं त्याला जमेना आणि निघून जायचंही जमेना.

"कोंबडा कापलास का?" त्यानं विचारलं. "उकडून पायांची बोटं पाहिलीस? सरळ आली की वाकडी? देवांना मान्य आहे की नाही ते पायांवरच कळतं."

तांबडा झोपडीच्या गवती छपरावर बसला होता. लेकीसाठी बांधलेल्या त्या झोपडीत काबरी आणि चार तलंगा आधीच शिरल्या होत्या आणि शेकोटीच्या कोमट राखेत अंग घोळवत होत्या.

"पाय कशाला बघू?" शुआ म्हणाली. "मी त्याला विचारलं नव्हतं, भाऊजी. सांगितलं होतं."

तिनं झोपडीचं दार ओढून घेतलं, बाहेरून काठी लावली आणि ती पुढच्या दारानं घरात गेली.