नाकाशेजारची फट

त्या शनिवारी उस्मानपुऱ्यातल्या शाळेच्या सभागृहात अंथरलेली सतरंजी कुठे दिसत नव्हती, इतकी माणसे तिच्यावर बसली होती. ज्यांना बसायला मिळाले नाही ती खिडक्यांत उभी होती, आणि सर्वांचे मोबाइल एकाच दिशेला उंचावलेले होते. मंचावर सहावीतली गौहर होती. डोळ्यांवर फोमची काळी, जाड पट्टी; हातात त्याच सकाळचे वर्तमानपत्र. हनुवटी किंचित उचलून ती अडखळत वाचत होती, "शहराचं पाणी... आता... आठवड्यातून..." पुढचे शब्द टाळ्यांत बुडाले. आठवड्यातून किती वेळा पाणी येणार हे जाणून घेण्यासाठी हे शहर एरवी जीव टाकते. त्या दिवशी ते कोणीही विचारले नाही.

"पालकहो," प्रज्ञान सर हात जोडून म्हणाले, "डोळे ही नुसती खिडकी हाय. बघणारा आत बसलाय. आम्ही फक्त त्याला जागं करतो."

या गृहस्थांचे जन्मनाव पुंजाराम. प्रज्ञान हे व्यवसायाने दिलेले. त्यांच्या भाषणातले पहिले वाक्य ऋषिमुनींचे असे, दुसरे जपानी प्रयोगशाळेचे, तिसरे लहरींचे, आणि या तिन्ही वाक्यांची परस्परांशी ओळख नसे. समोर मुसलमान पालक दिसले की ते 'बातिनी नजर', म्हणजे आतली नजर, असा शब्द अलगद पेरीत. सर्वधर्मसमभाव इतक्या निष्ठेने क्वचितच पाळला जातो.

दाराजवळ विज्ञानाच्या आशाबाई उभ्या होत्या. दिवाळीपर्यंत हे शनिवार त्यांचे होते. दप्तराविना यायचे आणि हाताने काही करून पाहायचे, असा त्या दिवसाचा नियम. मुले माती चाळीत, लिंबात तारा खोचून दिवा लावण्याची खटपट करीत, आणि बहुधा तो लागत नसे. मग का लागला नाही यावर उरलेला तास भांडत. एकदा बाईंनी चपलांच्या खोक्यांचे कॅमेरे करायला लावले. एका बाजूला सुईने भोक, दुसऱ्या बाजूला तेलकट कागद. एक डोळा मिटून पाहिले की कागदावर अंगणातला कडुलिंब उलटा लटकलेला दिसे. बाईंनी मग डोळा बदलायला सांगितले. मुलांनी बदलला. गौहर तेवढी खोक्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाई, आता डब्यात काहीच नाय."

खोके ठीक होते. गौहरचा डावा डोळाच जन्मापासून काम टाळीत आला होता, आणि उजवा एकटा दोघांचे ओझे वाहत असल्यामुळे घरात कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. डॉक्टरांनी याला आळशी डोळा म्हटले. उपाय साधा होता: चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशाला नाइलाजाने बघावे लागेल. एकच अडचण, की हे लहानपणीच साधते. वय वाढले की मेंदू त्या डोळ्याची आशा सोडून देतो. आताही उशीरच झालाय, पण अजून हाती आहे, असे डॉक्टरांनी गौहरच्या वडिलांना, फारूखभाईंना, बजावून सांगितले होते. चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथ यंत्रावर काम करणारा हा माणूस. त्याने त्याच आठवड्यात चष्मा आणला. वर्गाने गौहरला 'ढापणी' म्हणायला सुरुवात केली, ती रडली, तरी चष्मा टिकला.

मग प्रज्ञान सर आले. मुख्याध्यापक काकासाहेबांना माती चाळणाऱ्या मुलांचे फोटो कधीच पसंत नव्हते. डोळे बांधून वाचणाऱ्या मुलांचे फार पसंत पडले. 'सर्जनशील बुद्धिविकास' या नावाखाली शनिवार सरांकडे गेले. आशाबाईंना जुन्या वह्यांचे गठ्ठे बांधायचे काम मिळाले.

पहिल्या दिवशी मुलांचे डोळे बांधल्यावर सरांनी विचारले, कोणाला काय दिसतं. कोणालाच काही दिसत नव्हते. तेव्हा त्यांनी हळहळून सांगितले, की ज्यांचे मन गढूळ असते किंवा ज्यांच्या आईबापांची श्रद्धा कमी पडते त्यांना वेळ लागतो. एक मुलगा "दिसतंय" म्हणाला आणि पुढच्या रांगेत बसवला गेला. तास संपेपर्यंत मागची रांग रिकामी झाली होती.

यात नवल कसले? याच शाळेत तपासणीला साहेब आले की मुलांना पढवून ठेवलेले असे: उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, नसेल त्याने डावा, हात मात्र सगळ्यांनी वर करायचा. साहेब खूश होऊन जात. येत नाही हे लपवण्याची कला ही मुले पहिलीपासून शिकली होती. सरांनी फक्त पीक कापले.

गौहर त्यात सर्वांत तरबेज निघाली. ढापणी म्हणणारी मुले आता तिच्याभोवती घोळका करू लागली. सरांनी फारूखभाईंना समजावले, की आतली नजर उघडलेल्या मुलीला चष्मा म्हणजे धडधाकट माणसाला कुबडी. चष्मा कपाटात गेला. डॉक्टरांची पट्टी बंद झाली. क्रांती चौकातल्या फलकावर सरांच्या शेजारी गौहरचे छायाचित्र लागले.

हे सगळे ठाऊक असल्यामुळेच आशाबाई त्या शनिवारी दारात फार वेळ थांबल्या नाहीत. एक पुठ्ठा घेऊन त्या मंचावर चढल्या आणि तो गौहरच्या हनुवटीखाली आडवा धरला. वर्तमानपत्र आता पुठ्ठ्याच्या खाली गेले.

"वाच, बाळ."

 गौहरने मान इकडे कलती केली, तिकडे केली. प्रज्ञान सर हसून म्हणाले, की पुठ्ठ्याने लहरी अडतात. बाईंनी विचारले, जाड फोमने न अडणाऱ्या लहरी पुठ्ठ्याने कशा अडतात? त्यावर उत्तर आले, की पुठ्ठ्याने नव्हे, तो धरणाऱ्याच्या संशयाने अडतात. सभागृह समाधानाने हसले. विज्ञान हरले की लोकांना एक प्रकारचा आराम पडतो.

बाई पुढे बोलणार होत्या, पण पुठ्ठ्यावर ठेवलेली हनुवटी थरथरत होती. परीक्षा त्या भोंदूची घ्यायची होती आणि चालली होती अकरा वर्षांच्या पोरीची. बाईंनी पुठ्ठा काढला, पट्टी सोडवली आणि पहिल्या रांगेतल्या फारूखभाईंना वर बोलावले.

"फारूखभाई, तुम्ही सरांच्या वर्गाला बसलात का कधी?"

"नाय, बाई. मी कुठं."

"मग ही पट्टी बांधा. आत डोळे उघडे ठेवा. हनुवटी जरा वर. आता नाकाच्या कडेनं खाली बघा."

फारूखभाईंच्या हातात तेच वर्तमानपत्र दिले.  मग त्यांच्या ओठांनी एक एक अक्षर जुळवले, "शहराचं... पाणी..."

 आशाबाई शांतपणे बोलल्या. पट्टी कितीही काळी असली तरी नाक मध्ये येते, म्हणून नाकाशेजारी फट राहतेच. त्या फटीतून प्रकाश येतो, आणि जिथून प्रकाश येतो तिथून दिसते. म्हणूनच कागद नेहमी छातीजवळ धरावा लागतो. डोक्यावर किंवा पाठीमागे धरला की आतली नजर झोपी जाते. इथे बसलेला प्रत्येक जण लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळलाय आणि याच फटीतून बघून गडी पकडलाय. या सरांनी तुमचाच खेळ तुम्हाला विकलाय. यात मुलांचा काही दोष नाही. त्यांनी मोठ्यांना हवं ते करून दाखवलं.

मागच्या बाजूला कोणी तरी खाकरले. एका बाईने शेजारणीकडे पाहिले. बस, एवढाच वेळ सत्याला मिळाला.

कारण प्रज्ञान सरांनी झटकन पुढे होऊन फारूखभाईंचा हात उंच धरला होता. त्यांचा आवाज भरून आला होता. "पालकहो, बघा! लेकराच्या नुसत्या सहवासानं बापाची नजर उघडली! एकही वर्ग न करता! आता मोठ्यांची तुकडी काढायलाच लागती का नाय, बोला!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. काकासाहेब उभे राहून टाळ्या वाजवीत होते. आशाबाईंच्या हातातला पुठ्ठा कोणी तरी अदबीने काढून घेतला आणि मोठ्यांच्या तुकडीची नावे लिहायला कागदाखाली धरला.

व्हरांड्यात फारूखभाई आशाबाईंना गाठायला आले. मान खाली होती.

"बाई, मला समदं खालून दिसलं. मी लेथवाला हाय, एक सूत फट मला कळती."

"मग तिथंच बोलायचं होतं."

"काय बोलू? माझी पोरगी झूट बोलती म्हणू, एवढ्या लोकांत? मोहल्ल्यात आज तिला लोक सलाम करत्यात, बाई. आधी नावं ठेवायचे. तिची इज्जत मी कशी काढू?"

गौहर बापाच्या मागे उभी होती. बाईंनी तिला जवळ घेऊन एवढेच विचारले, की पट्टी लावशील का, डॉक्टरांची, घरात तरी? ती हळू आवाजात म्हणाली, "घरी पण लोक येतेत ना, बाई. चष्मा दिसला तर समद्यांला कळेल."

बाईंनी शाळा चालवणाऱ्या संस्थेला पत्र लिहिले. उपक्रमात व्यत्यय आणल्याबद्दल त्यांच्याकडेच खुलासा मागण्यात आला. त्या फारूखभाईंच्या घरी पुनःपुन्हा गेल्या. चहा मिळाला, आदर मिळाला, चष्मा कपाटातच राहिला. पुढच्या वर्षी सर दुसऱ्या जिल्ह्यात गेले, फलक उतरला, गौहरची कीर्ती आपोआप विरली आणि मग बापाने तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डावा डोळा बराच वेळ तपासला. उपचार सुरू करू, म्हणाले, पण फार आशा ठेवू नका.

डोळ्याला दिसायला उजेड लागतो. तो जिथे पोचत नाही तिथले कोणीही वाचू शकत नाही, ऋषी नाही, जपानी नाही आणि तुमचे मूलही नाही. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कागद मुलाच्या डोक्यावर धरून पाहा. आणि मूल अडखळले तर रागावू नका, हळहळू नका, टाळ्यांनी ते झाकू नका. 'मला दिसत नाही' असे म्हणायला त्याला फार धैर्य लागते. मूल तसे म्हणाले की लगेच त्याला डॉक्टरकडे न्या.