समईच्या उजेडातला आत्मा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पूर्वी छत्र्यांच्या काड्या बनत त्या गाळ्याबाहेर, रविवारी सकाळी शंभर-सव्वाशे माणसं चपला काढून उभी होती. आत मार्तंड महाराज आत्मदर्शन घडवत होते. एकेकाला पडद्यामागे नेत. दहा मिनिटांनी तो माणूस रडत नाहीतर थरथरत बाहेर येई.

"माका माझी आवस दिसली," धाकू नावाचे एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून आपल्या आईबद्दल सांगत होते. "माझ्याच तोंडार. बरोबर तशीच."

माझी धाकटी बहीण नलिनी माझा हात धरून रांगेत होती. तिची ही चौथी खेप. "दादा, तू नुसता बस हं. वाद घालू नकोस."

वाद घालणं मला कधी जमलेलंच नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली. तिथं बोलायची फारशी गरज पडत नसे.

महाराज समजावत होते, "देह म्हणजे भाड्याची खोली. भाडेकरू कधी छप्पर दुरुस्त करतो का? ते मालकाचं काम. तू आपला भजन कर." लोक हसले. छप्पर गळायला लागल्यावर मालकाची वाट बघणारा भाडेकरू भिजतो, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

माझी पाळी आली. पडद्यामागे अंधार, समोर आरसा, पाठीशी एका वातीची समई. आरशावर कपाळाच्या उंचीला कुंकवाचा ठिपका.

"ठिपक्यावरून नजर हलवायची नाही," महाराज कानाशी म्हणाले. "ज्याला तू 'मी' म्हणतोस तो आता विरघळेल. उरेल तो आत्मा."

आणि माझी हनुवटी खरंच विरघळली. मग एक गाल. मग माझे वडील माझ्याकडे बघू लागले. त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली. बाहेर येऊन मी धाकूंशेजारी भिंतीला टेकलो. पुढचे दोन दिवस माझाही विश्वास बसला होता, हे इथं कबूल करायला हवं.

तिसऱ्या दिवशी दुपारी विक्रोळीला नलिनीकडे गेलो. पाणी घ्यायला फ्रीज उघडला तर दारात इन्सुलिनचा खोका, सीलसकट. तिच्या उजव्या पायाला फडकं बांधलेलं.

"हे काय?"

"तीन आठवडे बंद केलंय तिनं," तिची मुलगी श्वेता म्हणाली. ती पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. "मी काही बोलले की म्हणते, तुझं-माझं नातं देहाचं. मामा, पायाला चप्पल लागलीये तिच्या, जखम भरत नाहीये."

"इंजेक्शन देहाला," नलिनी शांतपणे म्हणाली. "मी देह नाही. तूच शिकवलंस ना दादा, बुधवारी? देह म्हणजे अंगावरचं जुनं वस्त्र."

मी खाली बसलो. आमच्या सोसायटीच्या खोलीत दर बुधवारी दहा-बारा वृद्धांना मी आत्म्याबद्दल जुनं वाचलेलं सांगतो. तेवढंच माझं बोलणं. ते ऐकून कोणी औषध सोडेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

"आणि तिथं हे दिसतात मला," ती म्हणाली. काशीराम, तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेला.

श्वेतानं मला विचारलं, "मामा, लहानपणी दिव्याच्या उजेडात आरसा बघितलाय कधी?"

"छे. दिवेलागणीनंतर आरशात बघायचं नाही. आई पाठीत धपाटा घालायची."

"तेच तर. घराघरांत तोच धपाटा. म्हणून असं काही दिसतं हे कुणाला माहीतच नाही." तिनं पडदे ओढले, देवघरातली समई आणली. "आरसा नको. तुम्ही आईसमोर बसा."

नलिनी हसली. "ह्याच्या तोंडावर ते कसे येतील गं? हा तर दादाचा देह."

"आले तर इंजेक्शन घेशील?" मी विचारलं. काहीच दिसलं नाही तर मीच तिला महाराजांच्या हवाली करणार होतो.

"घेईन."

श्वेतानं माझ्या कपाळावर कुंकू लावलं आणि समई माझ्या मागं ठेवली. आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत बसलो. पाच मिनिटं, सात मिनिटं.

"हनुवटी गेली तुझी," ती पुटपुटली. मग ती पुढं झुकली. "हे आले. दादा, चष्मासुद्धा ह्यांचाच." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. थोड्या वेळानं ती मागं सरकली. "आता भलताच कुणीतरी आहे. ह्याला तोंडच नाहीये."

श्वेतानं ट्यूब लावली. समोर मीच होतो.

"अंधुक उजेडात एकाच ठिकाणी बघत राहिलं की डोळ्याला कडेकडेचं दिसेनासं होतं," श्वेता म्हणाली. "रिकामी जागा मेंदू भरतो. जो मनात असतो त्याचा चेहरा आणतो. आणि मनातला संपला की वाट्टेल तो."

"म्हणजे हे तिथं नव्हतेच."

"नाही," मी म्हणालो.

नलिनीनं पदरानं डोळे पुसले. "तुला खरं ठरायचं होतं ना दादा? ठरलास. मला मात्र दुसऱ्यांदा पांढरं कपाळ दिलंस." मग तिनं स्वतःच पोटावरचा पदर बाजूला केला.

श्वेतानं आधी बोटातून रक्त घेतलं. यंत्रावर आकडा आलाच नाही. एवढी साखर त्याला मोजता येत नव्हती. आम्ही रिक्षा करून तसेच इस्पितळात गेलो. नलिनी वाचली. उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

महाराजांविरुद्ध आम्ही तक्रार दिली आहे. गाळ्याबाहेर रांग अजून लागते.

बुधवारचा वर्ग बंद करावा असं फार वाटलं. पण मग तिथं समई नेली, खिडक्या लावल्या आणि बारा जणांना जोडीजोडीनं समोरासमोर बसवलं. सगळ्यांना कोणी ना कोणी दिसलं. त्यानंतर जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. ज्यांनी आत्म्याचा विचार केला ते म्हणतात, आत्मा म्हणजे पाहणारा. तो दिसत नाही. मग आरशात जे दिसतं ते काहीही असो, आत्मा नव्हे. आणि देह जुनं वस्त्र असेलही, पण अंगात असताना वस्त्राला कोणी काडी लावत नाही. फाटलं तर शिवतो. औषध म्हणजे ते शिवणं. कोणी महाराज ते थांबवायला सांगत असेल, तर आधी ट्यूब लावा.

नलिनी दाराजवळच्या खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पण आली होती.