बाबांना दिसलेला भाऊ

कॉलनीच्या वाचनालयात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी पुस्तकं वाचायला आलं होतं, असा गैरसमज नको. जो तो आपला फोन शेजाऱ्याच्या नाकासमोर नाचवत होता.

"माझा उजवा गुडघा! डावा नाही, उजवाच म्हणालेत!"

"माझी मूळव्याध!" कॉलनीचे अध्यक्ष गदगदून ओरडले. "अहो, बायकोलासुद्धा सांगितलेली नाही!" आता ती बायकोसकट सगळ्यांना कळली, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

अंतर्यामी बाबांचे मेल घरोघर आले होते. बाबांना कोणी पाहिलं नव्हतं, पण बाबांनी म्हणे सगळ्यांना आरपार पाहिलं होतं. कोणाचा खोकला, कोणाच्या सुनेची गेलेली नोकरी, सगळं नावानिशी. उपाय एकच. बाबांनी भारलेल्या पाण्याची बाटली, पैसे आधी.

कोपऱ्यात सगळी कॉलनी जिला वहिनी म्हणायची, ती उभी होती. शाळेत विज्ञान शिकवून उरलेल्या वेळात ती कॉलनीची मेलिंग लिस्ट सांभाळायची. एका पत्त्यावर लिहावं आणि ते सगळ्यांना पोचावं, अशी ती सोय. टकलावर केस उगवून देणारे आणि न काढलेल्या लॉटरीची बक्षिसं वाटणारे लिस्टवर घुसू पाहत, त्यांना ती रोज सकाळी चहा पिता पिता हाकलायची. बाबा मात्र लिस्टवर आलेच नाहीत. ते प्रत्येकाच्या खासगी पत्त्यावर थेट प्रकटले.

एरवी वहिनी पोट धरून हसली असती. पण घरी तिच्या थोरल्या नणंदेने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"ताई, भिंत धरून चालताय. गोळी घ्या ना."

"विष बाहेर पडतंय, बाबांनी लिहिलंय तसं. आणि तू मला मेल पाठवू नकोस. बाबांखेरीज दुसऱ्याचा मेल उघडला की शक्ती गळते, असं त्यांनी सगळ्यांनाच बजावलंय."

"बाबांची पोळी बरी भाजते मग," वहिनी म्हणाली, आणि आत जाऊन रडली. ताईंनी तिला भावजयीसारखं नाही, धाकट्या बहिणीसारखं वागवलं होतं. डोळे पुसून तिने लिस्टवर एक मेल लिहिला.

वाचनालयातल्या पुढच्या सभेला ती ताईंना हाताला धरून घेऊन गेली. "मलाही बाबांचा मेल आलाय," ती म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली. "बेटी, तुझा धाकटा भाऊ घेरी येऊन पडतो, ते मला इथून दिसते आहे. त्याच्यामागे गतजन्मीचा शाप आहे. दोन बाटल्या लागतील."

"वा! काय ती दृष्टी!" अध्यक्षांनी हात जोडले.

"अहो, कसली दृष्टी?" ताई ताडकन म्हणाल्या. "ही एकुलती एक आहे! हिला भाऊ कुठला?"

अध्यक्षांचे जोडलेले हात सुटले.

"तो मी लिस्टवर जन्माला घातला," वहिनी म्हणाली. "भाऊ घेरी येऊन पडतो, डॉक्टर सुचवा, असं लिहिलं होतं."

"पण लिस्ट तर आपली आपल्यातच ना?" अध्यक्ष म्हणाले.

"होती. जुन्या मेलच्या साठ्याला पासवर्ड होता. तो कोणाच्या लक्षात राहीना, म्हणून तुम्हीच सभेत हात वर करून काढायला लावलात. आता आपली नावं, पत्ते, दुखणी जगात कोणीही वाचावीत." तिने वाचनालयाच्या संगणकावर कुठलाही पासवर्ड न घालता तो साठा उघडला. पहिल्याच पानावर अध्यक्षांची मूळव्याध होती. मित्राला द्यायचं उत्तर त्यांनी 'सर्वांना' दाबून धाडलं होतं, आणि ते बाबांखेरीज कोणी वाचलं नव्हतं. अध्यक्ष खुर्चीत बसले, मग का कोण जाणे, उठून उभे राहिले.

मनातलं ओळखणारा भेटला, तर हात जोडण्याआधी एवढंच आठवून पाहावं, की हे आपण कुठे कुठे बोललो होतो. बहुतेक वेळा चमत्कार तिथेच संपतो. आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याबाहेरच ठेवावं, मग तो कितीही अंतर्यामी असो.

घरी आल्यावर ताईंनी कपाटातून गोळ्यांची पट्टी काढली आणि वहिनीपुढे हात केला.

"पाणी दे गं," त्या म्हणाल्या. "नळाचं."